शब्दमर्यादा

ताईचा भाऊ आयुष्यात एक दिवसही कुठल्या कॉलेजात शिकवायला गेला नव्हता, तरी घरात त्याला प्रोफेसरच म्हणत. सातव्या वर्षी चष्मा लागला आणि त्याच आठवड्यात त्यानं आईला वीज कशी पडते ते समजावून सांगितलं, तेव्हापासूनचं हे नाव. पुढे त्यानं ते खरंही करून दाखवलं, त्याच्या पद्धतीनं. नवी यंत्रं, नवे शोध, सरकारची धोरणं यांवर तो दर गुरुवारी एका मोठ्या दैनिकात लिहायचा आणि आठवड्यातून दोनतीनदा टीव्हीवरच्या चर्चेत चौथ्या चौकोनात बसायचा. समोरचा बोलत असताना हसायची त्याला सवय होती. आई ते हसू बघून म्हणायची, "अगदी ह्यांच्यासारखा हसतो." ताईला काही तसं वाटत नसे. बाबा समोरच्याचं बोलणं संपल्यावर हसायचे.

ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. बाबा गेले तेव्हा ती पंधराची होती आणि तो अकराचा. अठरा पूर्ण होताच ती नर्सिंगला गेली, कारण घरात एकानं तरी लवकर उभं राहायला हवं होतं, आणि प्रोफेसरचं शिक्षण पुरं करायचं होतं. आता ती सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, दारातून आत आलं की पहिलं टेबल असतं तिथे बसायची. चोवीस वर्षं तिथेच. लग्न केलं नाही. आई तिच्याकडे राहायची आणि प्रोफेसर बायकोला घेऊन रविवारी जेवायला यायचा.

दोन वर्षांपूर्वी त्या टेबलावर यंत्र आलं. पेशंटच्या बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, काय होतंय ते पेशंटनं माइकमध्ये सांगायचं, की मिनिटभरात पडद्यावर रंग उमटायचा. लाल म्हणजे ताबडतोब आत, पिवळा म्हणजे अर्ध्या तासात, हिरवा म्हणजे बाकावर बसा. स्टाफनं त्याला पंच नाव ठेवलं, कारण त्यानं बोट वर केलं की अपील नाही. तसं अपील होतं. खाली एक छोटं बटण होतं. नर्सला रंग पटला नाही तर ते दाबायचं, रंग बदलायचा आणि कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहायचे. ताई पंचाशी भांडत नसे. दहातले नऊ निकाल तिला पटायचे. उरलेल्या एकासाठी बटण होतं.

एका रविवारी जेवताना विषय निघाला तो पंचाचाच. प्रोफेसरनंच काढला. "कसं चाललंय तुमचं यंत्र?"

"परवाच एक झालं," ताई म्हणाली. "एक शिवणकाम करणारी बाई आली. पन्नाशीची असेल. जबडा दुखतोय, पाठ भरून आलीय, मळमळतंय. नाडी ठीक, दाब ठीक. पंचानं हिरवं दिलं. मी लाल केलं. ईसीजी काढला तर अॅटॅक. वाचली."

"पण तू कशावरून लाल केलंस?"

"रंगावरून. चेहरा राखेसारखा झाला होता आणि वरच्या ओठावर घाम. तो रंग माझ्या ओळखीचा आहे रे. बाबांचा झाला होता ना, त्या सकाळी."

प्रोफेसरनं मान हलवली. त्या सकाळी पाण्याचा पेला त्याच्याच हातात होता. त्याच्या बायकोनं ताटातून वर पाहिलं नाही आणि आईनं "जेवताना नको तो विषय," म्हणून भाताचं भांडं पुढे सरकवलं.

"आणि कारण काय लिहिलंस?" त्यानं विचारलं.

"काय लिहिणार? 'चेहरा बघून.' तेवढीच जागा असते."

तो हसला. ताईही हसली. मग बोलणं दुसरीकडे गेलं.

गुरुवारी सकाळी ताई ड्यूटीला निघायच्या आधी आईनं नेहमीसारखा लेख मोठ्यानं वाचायला घेतला. मथळा होता, 'चेहरा बघून रांग'. आई कौतुकानं वाचत होती आणि ताई बुटाचा बंद बांधत होती. तिसऱ्या परिच्छेदाला तिचा हात थांबला.

"परत वाच," ती म्हणाली.

आईनं परत वाचलं. "एका सरकारी रुग्णालयातील अनुभवी नर्सनेच मला सांगितले की, यंत्राने मागे ठेवलेल्या एका महिलेला तिने रांगेत पुढे घेतले. का? तर चेहरा ओळखीचा होता. नोंदीतही तिने निर्लज्जपणे तेच लिहिले: चेहरा बघून. यंत्राला ओळखीपाळखी नसतात. यंत्र कुणाची वहिनी, कुणाची शेजारीण बघत नाही. मग हे बटण नर्सच्या हाती कशासाठी?"

"छान लिहिलंय की," आई म्हणाली. "तुझ्याकडचंच दिसतंय."

ताईनं पेपर तिच्या हातातून घेतला, ते वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आणि घडी न घालता टेबलावर ठेवला. बस चुकली त्या दिवशी.

लेखात नाव नव्हतं, पण शहरात अशी यंत्रं तीनच हॉस्पिटलांत होती आणि कारणाच्या रकान्यात 'चेहरा बघून' लिहिणारी नर्स शोधायला मेट्रनबाईंना चहा संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. त्यांनी ताईला बोलावलं.

"ती शिवणकामवाली तुमची कोण?"

"कोणी नाही. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली."

"मग पेपरवाल्याला असं कसं सांगितलंत?"

"मी पेपरवाल्याला सांगितलं नाही. भावाला सांगितलं."

मेट्रनबाईंनी समोरची फाइल मिटली. वाईट बाई नव्हती ती, पण वरून फोन येऊन गेला होता. "हात दाखवून अवलक्षण," एवढंच म्हणाल्या आणि खुलासा लेखी मागितला.

त्या दिवसापासून टेबलावरचं वारं फिरलं. ज्या दिवशी शिवणकामवाली आत गेली त्याच दिवशी एक रंगारी मनगट मोडून आला होता आणि दोन तास बाकावर बसला होता. तो प्लास्टर दाखवायला आला तो थेट ताईसमोर उभा राहिला.

"तुम्हीच ना त्या? आमचे चेहरे पसंत पडले नाहीत वाटतं?"

"तुमचं हाड मोडलं होतं, तिचं हृदय बंद पडत होतं."

"ते तुम्ही सांगणार! पेपरात छापून आलंय. ओळखीची होती म्हणे." तो मागे वळून बाकावरच्या लोकांना म्हणाला, "बघून घ्या हो, ओळख असेल तर सांगा आधीच, नाहीतर बसा संध्याकाळपर्यंत!"

बाक हसला. एका म्हातारीनं ताईकडे बघून तोंड फिरवलं. एकानं मोबाइल काढून तिचा फोटो घेतला. चोवीस वर्षांत तिनं शिव्या पुष्कळ खाल्ल्या होत्या, दारुड्यांच्या, घाबरलेल्या नातेवाइकांच्या, आणि त्या संध्याकाळी हातपाय धुताना निघून जायच्या. ही निघत नव्हती.

शनिवारी ती प्रोफेसरच्या घरी गेली. न सांगता गेली. त्यानं दार उघडलं, कानाला फोन होता, बोटानं बस म्हणून खूण केली. ती बसली नाही. फोन संपेपर्यंत तिनं त्याच्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभं राहून काचेत स्वतःचं तोंड पाहिलं.

"बोल," तो म्हणाला. "लेख फार गाजला बरं का. मंत्र्यांच्या कार्यालयातून फोन होता."

"मी 'चेहरा ओळखीचा' म्हणाले होते?"

"म्हणजे?"

"रंग ओळखीचा म्हणाले होते मी. बाबांचा रंग. तुला कळलं होतं. तू मान हलवलीस."

त्यानं चष्मा काढून पुसला. "ताई, नऊशे शब्दांत सगळं बसवावं लागतं. शब्दमर्यादा असते. वाक्य जरा आखूड केलं."

"आखूड? बाप कापलास त्यातनं!"

"ओरडू नकोस. नाव कुठे घातलंय तुझं? आणि मुद्दा तुझा नाहीच. मुद्दा मोठा आहे. हजारो नर्स आहेत, सगळ्या तुझ्यासारख्या नसतात. कुणी जात बघेल, कुणी कपडे बघेल, कुणी खरंच शेजारीण बघेल. यंत्र सगळ्यांना एका मापानं मोजतं. हे तुला पटत नाही?"

"पटतं. मग तसं लिही. कपडे बघणारी नर्स शोध आणि तिचं लिही. मी सांगितलेलं खोटं करून का लिहिलंस?"

"खोटं नाही. त्याला उदाहरण म्हणतात."

"उंटावरचा शहाणा आहेस तू," ताई म्हणाली. "वरून सगळं दिसतं तुला. खाली कोण चिरडतंय ते सोडून."

प्रोफेसरची बायको आतून पाणी घेऊन आली होती, ती दारातच थबकली. प्रोफेसरचा चेहरा लाल झाला. लहानपणी हरल्यावर व्हायचा तसा.

"तुला काय झोंबलंय ते माहीत आहे मला," तो म्हणाला. "मी शिकलो, तू राहिलीस. आयुष्यभर तेच मनात धरून बसलीयस. इतकं असेल तर संपादकांना पत्र लिही. अडीचशे शब्दांपर्यंत छापतात."

ताईनं पत्र लिहिलं. दोनशे चाळीस शब्दांचं, मोजून. छापून आले साठ. 'नर्सचीही बाजू' असा मथळा होता आणि त्यात बाबांचं, रंगाचं, काहीच उरलं नव्हतं. उरलं होतं ते "आम्हीही माणसेच आहोत" हे वाक्य, जे तिनं लिहिलंच नव्हतं.

महिन्याभरात आरोग्य खात्यानं समिती नेमली. बटण ठेवायचं की काढायचं, एवढंच ठरवायचं होतं. समितीत एक निवृत्त सचिव अध्यक्ष, दोन डॉक्टर, आणि तज्ज्ञ सदस्य म्हणून प्रोफेसर. पेपरात फोटोसकट आलं. आईनं कात्रण कापून ठेवलं. ताईनं कात्री तिच्या हातातून घेतली नाही, पण त्या रात्री दोघी एका टेबलावर जेवल्या नाहीत.

समितीनं नर्सचं म्हणणं ऐकायचं ठरवलं होतं. कोण जाणार, विचारल्यावर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. ताईनं हात वर केला. मग तीन आठवडे ती ड्यूटी संपल्यावर रजिस्टर घेऊन बसायची. नावं नाहीत, फक्त आकडे उतरवायची. तीन महिन्यांत त्यांच्या टेबलावर चौसष्ट वेळा बटण दाबलं गेलं होतं. त्यांतल्या एक्कावन्न वेळा पुढे डॉक्टरांचं निदान नर्सच्या बाजूनं लागलं. तेरा वेळा नर्स चुकली. बरोबरची नर्स म्हणाली, "तेरा कशाला सांगतेस? एक्कावन्न सांग नि गप्प बस."

"मग त्याच्यात नि माझ्यात फरक काय?" ताई म्हणाली.

सुनावणी खात्याच्या मोठ्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर थंडगार हवा फेकणारं यंत्र. प्रोफेसर अध्यक्षांच्या डाव्या हाताला होता. ताई आत आली तेव्हा त्यानं कागदांतून मान वर केली नाही. तिनं आकडे वाचून दाखवले. आवाज सुरुवातीला बारीक होता, मग स्थिरावला. डॉक्टरांपैकी एकानं मान डोलावली.

मग प्रोफेसर बोलला. "सिस्टर, आपण प्रामाणिकपणे तेरा चुका मान्य केल्यात, त्याबद्दल आभार." आपण! ताईच्या अंगावर काटा आला. तिनं त्याचं नाक पुसलं होतं, पाढे घेतले होते. "या तेरांपायी कुणाचं नुकसान झालं का?"

"एकाचं."

"काय झालं?"

"मी दुसऱ्या एकाला पुढे घेतलं आणि हा माणूस मागे राहिला. त्याचं अपेंडिक्स फुटलं. तेरा दिवस अॅडमिट होता."

"म्हणजे आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवल्यामुळे."

"हो," ताई म्हणाली. "माझ्यामुळे."

प्रोफेसरनं कागदावर काहीतरी टिपलं आणि तो हसला. तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"आता मला विचारायचंय," ती अध्यक्षांकडे वळली. "आमच्या तेरा मी लिहून आणल्या. पंचाच्या चुका कुणी लिहिल्यात? बटण दाबलंच नाही असे किती जण हिरव्यावर बसून राहिले आणि घरी जाऊन दगावले, तो आकडा कुठे आहे?"

अध्यक्षांनी प्रोफेसरकडे पाहिलं. प्रोफेसर म्हणाला, "ती माहिती कंपनीकडे असते. व्यावसायिक गोपनीयता आहे."

"मग तुम्ही कशावरून लिहिलंत यंत्र बरं म्हणून?"

"सिस्टर, इथे प्रश्न समिती विचारते."

त्या वाक्यानं तिचा बांध फुटला. तोवर तिनं ठरवलं होतं, हे बोलायचं नाही. आईला शब्द दिला होता तसा.

"अध्यक्षसाहेब, लेखातली ती नर्स मी. आणि हे माझे सख्खे भाऊ."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "खरं आहे का हे?"

"नातं आहे," प्रोफेसर म्हणाला. "पण त्याचा मुद्द्याशी संबंध नाही."

"आहे," ताई म्हणाली. "मी म्हणाले होते, रंग ओळखीचा होता. आमचे वडील गेले तेव्हाचा रंग. ह्याच्या हातात पाण्याचा पेला होता, हा दारात उभा राहून बघत होता. ह्याला तो रंग माहीत आहे. माझ्याइतकाच माहीत आहे. त्यानं लिहिलं, चेहरा ओळखीचा होता. विचारा त्याला, का लिहिलं."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. प्रोफेसर सरळ समोर, बाटलीकडे बघत होता.

"मी अकरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "मला त्यातलं काही आठवत नाही."

ताईनं कागद गोळा केले आणि ती बाहेर आली. लिफ्टचं बटण तिनं दोनदा दाबलं. इतकी वर्षं तिला वाटायचं, ती सकाळ या जगात आणखी एका माणसाकडे आहे. आईकडे नव्हती, आई बाजारात गेली होती. आता ती तिच्या एकटीकडेच उरली होती, आणि त्यानं ती तिघा परक्यांसमोर, एका वाक्यात टाकून दिली होती.

पुढे झालं ते असं. प्रोफेसरनं समितीचा राजीनामा दिला आणि 'मी बाहेर का पडलो' असा लेख लिहिला, जो आधीच्या लेखापेक्षा जास्त वाचला गेला. त्यात तत्त्वनिष्ठा होती, बहीण नव्हती. दैनिकानं नवव्या पानावर तळाला चार ओळींचा खुलासा छापला, की संबंधित नर्स व रुग्ण यांची पूर्वओळख नव्हती. समितीनं बटण काढलं. आता नर्सला शंका आली तर तिनं ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन करायचा आणि डॉक्टर मोकळे झाले की ते रंग बदलणार. यंत्राच्या चुकांची नोंद ठेवावी, अशी शिफारस अहवालाच्या शेवटी होती. ती कुणी अमलात आणली नाही. ताईला रजिस्टरमधले आकडे बाहेर नेल्याबद्दल मेमो मिळाला आणि ड्रेसिंगच्या खोलीत बदली झाली.

आई प्रोफेसरकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "चारचौघांत त्याची मान खाली घातलीस. बाहेरच्यांनी घातली असती तर चाललं असतं."

"आणि माझी?"

"तू मोठी आहेस," आई म्हणाली, जणू त्यात सगळं आलं.

सहासात महिन्यांनी एका दुपारी प्रोफेसर ड्रेसिंगच्या खोलीत आला. ताई एका गवंड्याच्या तळव्यावरची पट्टी सोडवत होती. प्रोफेसर दाराशी उभा राहिला, औषधाच्या वासानं नाक आक्रसून. जरा जाडा झाला होता.

"पाच मिनिटं हवी होती."

"बोल. काम थांबणार नाही."

"लेखांचं पुस्तक येतंय. प्रकाशकाचा वकील म्हणतो, तुझी लेखी संमती लागेल. त्या लेखासाठी." त्यानं पिशवीतून कागद काढला. "खाली तळटीप घालू. खुलासा म्हणून."

"कोणता लेख? जसा छापला तसाच?"

"आता बदलता येत नाही. तो... त्या काळाचा दस्तऐवज आहे."

ताईनं गवंड्याचा हात उशीवर ठेवला, हातमोजे काढले, पेन घेतलं. कागद पूर्ण वाचला. 'संमती आहे' यातला 'आहे' तिनं खोडला, वर 'नाही' लिहिलं, सही केली, खाली तारीख घातली आणि कागद त्याला परत दिला.

"सूड घेतेस?" तो म्हणाला.

"सही घेतलीस ना? निघ आता."

"आईची तब्येत बरी नसते. निदान तिच्यासाठी तरी..."

"आईला मी रोज फोन करते. तुला माहीत नसेल, तू घरी नसतोस त्या वेळी."

तो तसाच उभा राहिला. त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं, हे तिला दिसत होतं. गवंडी त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत होता, हात उशीवर उघडा टाकून. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. प्रोफेसरनं कागदाची चार घड्या घालून खिशात कोंबला आणि दार लावून न घेता निघून गेला.

"कोण होता?" गवंड्यानं विचारलं.

"पेपरात लिहितो," ताई म्हणाली आणि नवे हातमोजे चढवले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं, एवढंच लक्षात आलं. "आता जरा झोंबेल हं. मूठ मिटायची नाही."